दहावीची इंग्रजी उजळणी : शिक्षकांसाठी मार्गदर्शिका

उजळणी प्रिलिमच्या आधीच्या पंधरवड्यात घ्यावी. त्याआधी पोर्शन संपत नाही आणि त्यानंतर पोरं सापडत नाहीत.

प्रारंभ काळांपासून करावा. इंग्रजीत काळ किती, याचं उत्तर 'बारा' हेच आहे. भाषाशास्त्र वाचून आलेला एखादा तरुण शिक्षक 'रूपांनी पाहिलं तर दोनच' असं म्हणू लागला, तर त्याला मतदारयाद्यांच्या कामाला लावावं. बाराही काळांची सूत्रं फळ्यावर बीजगणितासारखी मांडावीत : कर्ता अधिक हॅव किंवा हॅज अधिक व्ही थ्री. मग 'गो, वेंट, गॉन'चा गजर. पाढ्यांवर तयार झालेल्या गळ्यांना तो जड जात नाही. मात्र 'काल कुठे होतास रे?' असं इंग्रजीत कुणालाही विचारू नये. मुलगा सूत्र शोधत बसतो आणि तास बुडतो.

पुढे तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस'. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली, त्यामुळे दहावीचा शिक्षक हा 'एस' नव्याने शिकवतो तेव्हा मुलांची ती बहुधा दहावी खेप असते. तो का चुकतो, याचं कारण साधं आहे. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होतं, हे मुलांनी आधी आणि मनापासून शिकलेलं असतं. म्हणून ती अगदी तर्कशुद्धपणे 'द बॉइज प्लेज' लिहितात. हे कारण वर्गात फोडू नये. एकदा उमगलं तर पुढच्या वर्षी उजळणीला काय उरणार?

प्रयोगबदलासाठी आंबा अनिवार्य आहे. 'राम ईट्स अ मँगो' या वाक्यातल्या रामाला उचलून शेवटी 'बाय'च्या मागे उभं करावं. आंबा कुणी खाल्ला हे सगळ्यांना ठाऊक असताना ही उलाढाल कशासाठी, असा प्रश्न आल्यास 'दोन गुणांसाठी' असं खरं उत्तर द्यावं. कर्ता माहीत नसतो किंवा सांगायचा नसतो, तेव्हा ही रचना कामाला येते. 'चौकशी करण्यात येत आहे', 'खड्डे लवकरच बुजवण्यात येतील' ही वाक्यं मुलं रोज वर्तमानपत्रात वाचतात. तरी ती उदाहरणं देऊ नयेत. मुलांना ताबडतोब समजतं, आणि कर्ता कोण हेही ती विचारू लागतात.

'नो सूनर' आला की 'दॅन' आलाच. एवढं पुरे.

संदर्भासाठी टेबलावर रेन अँड मार्टिन ठेवावं, शक्यतो पुठ्ठा निखळलेलं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. मात्र १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची, फ्रेंच फॉरेन लीजनमधल्या साहसांची कादंबरी लिहिली आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. व्याकरणाचा माणूस मनाला येईल ती वाक्यं रचत होता, ही बाब विद्यार्थ्यांच्या कानावर जाऊ नये.

लेखनकौशल्यात पत्र सर्वात सुरक्षित. कृतिपत्रिका ८० गुणांची असते आणि पत्राच्या साच्यालाही त्यात गुण असतात. तेव्हा पत्ता, तारीख, विषय आणि खालची सही हे चार खांब आधी रोवून घ्यावेत. गावात ग्रामपंचायत असली तरी कचऱ्याची तक्रार म्युनिसिपल कमिशनरांकडेच करावी, कारण गाईडमध्ये तसंच आहे. उत्तर येण्याची धास्ती नाही.

राहिला निबंध. 'माय फादर' हा विषय असेल तर वडील डॉक्टर, स्वभाव काइंड-हार्टेड आणि छंद वाचनाचा, एवढं पाठ करून घ्यावं. साठ वह्यांत साठ डॉक्टर निघाले की तपासणी झपाट्याने होते. तरीही एखादा मुलगा लिहितोच : 'माय फादर सेल ऑनियन. धिस इयर रेट नॉट कम. ही नॉट टॉक इन हाउस.' अशा वेळी विचलित होऊ नये. 'सेल'ला एस जोडावा, 'नॉट'च्या आधी 'डिड' आणि 'डज' कुठे हवं ते समासात दाखवावं आणि लाल शाईने गोल करावेत. शून्य देऊ नये, पाचपैकी दीड द्यावा. वही मात्र वर्गात वाचून दाखवू नये. बाकीचीही तसंच लिहायला लागली, तर साठच्या साठ वह्या वाचाव्या लागतील.