लॉगशास्त्री

महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात पाणी बघणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. बॅकअप बघणारा कुणालाच नको असतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्रात शिरते. म्हणून दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की नाही हे ठरवताना महाडकर स्वतःच्या पायरीशी बघत बसत नाही. तो पोलादपूरला फोन लावतो, वर घाटात किती ओततोय ते विचारतो, खाली भरती किती वाजता ते बघतो. हा झाला शहाणा माणूस. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या सर्व्हरच्या खोलीत बसून कुणी हेच केलं, तर तो किरकिऱ्या ठरतो.

हा किरकिऱ्या म्हणजे लॉगशास्त्री, संगणकाने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचणारा. तो त्याच्या काळ्या पडद्यावरून ओळखू येतो. बाकीचे रंगीत चौकोनांकडे बघून खूश असतात. हा काळ्यावर पांढऱ्या ओळी सरकवत बसतो. 'जेवलात का?' या प्रश्नालाही तो बहुधा 'सुरुवातीची नोंद आहे, शेवटची सापडत नाही' असं उत्तर देईल. पण त्याचं काम नीट पाहिलं तर ते नदीचंच आहे. नेटबॅकअपसारख्या प्रणालीत एका रात्रीच्या बॅकअपमागे अनेक प्रक्रिया राबतात आणि प्रत्येकीचं रडगाणं वेगळं. त्यांतल्या बऱ्याच नोंदी साध्या एडिटरमध्ये वाचताही येत नाहीत. त्यासाठी व्हीएक्सलॉगव्ह्यू ही कमांड चालवावी लागते. जॉबचा, म्हणजे बॅकअपच्या त्या कामाचा, क्रमांक धरून हा माणूस त्या ओळी गोळा करतो आणि एकेक नोंद मागे जात पाणी पहिल्यांदा कुठे चढलं ते शोधतो. महाडात बुडालेल्या जॉबचं कारण पुष्कळदा पोलादपुरात असतं.

यावर पहिला आक्षेप साहेबांचा: हिरवी खूण आहे ना, मग खोदकाम कशाला? पण नेटबॅकअपमध्ये शून्य म्हणजे यश आणि एक म्हणजे अंशतः यश. हे अंशतः फार फसवं. वऱ्हाड पोचलं, नवरदेव गाडीतच राहिला, अशीही त्यात सोय आहे. रात्री कुणी उघडी ठेवलेली हिशेबाची फाइल सुटून जाऊ शकते. आणि खूणच आली नाही तर? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हता आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सगळं शांत होतं, म्हणून सगळं ठीक होतं. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं.

दुसरा आक्षेप क्लाउडचा: सगळं क्लाउडवर आहे, मग बॅकअपची काळजी कशाला? क्लाउडला महाडचा पूर लागत नाही, हे खरंच; जुलै २०२१ मध्ये बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच भिजणार होती. पण नुसतं सिंक लावलेला क्लाउड फार आज्ञाधारक असतो. इथे पुसलं की तिथेही पुसतो.

तिसरा आक्षेप मात्र लॉगशास्त्र्याला झोंबतो, आणि झोंबावाच. कारण शोधायला तो नोंदींच्या तपशिलाची पातळी पाचवर नेतो, कारण सापडतं, आनंदाच्या भरात पातळी खाली आणायची राहते. मग लॉग फुगत फुगत डिस्क भरते आणि बॅकअप पडतो तो बॅकअपच्याच नोंदींमुळे. हे तो कबूल करतो, पण तेही लॉग दाखवूनच.

आषाढात घाट धुक्यात गेला की तोही इतरांसारखा पोलादपूरला फोन लावतो. आधी पाण्याचं विचारतो, मग तिथल्या शाखेच्या रात्रीच्या जॉबचं. दोन्हींचं उत्तर 'सगळं ठीक' असं आलं, की त्याचा तिसरा प्रश्न ठरलेला: 'कुठून बघून सांगताय?'