वईपलीकडचा कोळसा

आमच्या आणि आक्कांच्या परसात वई आहे, म्हणजे म्हणायची. पूर्वी काट्याकुट्यांची होती. आता निम्मी तारेची, निम्मी शेवग्याच्या जिवावर उभी, आणि मधल्या खिंडारात आक्कांनी जुन्या घराचा एक दरवाजा आडवा टाकलाय. त्या दरवाजावर कोपरं टेकून आजवर देवळ्यातली किती लग्नं जमली नि किती फिसकटली, त्याची नोंद नगरपंचायतीतसुद्धा सापडायची नाही.

गेल्या आठवड्यात तिथूनच हाक आली. "काय करू राहिली गं? कोळसे आहेत का तुझ्याकडे?"

मला वाटलं, नातवाची दृष्ट काढायची असेल. म्हटलं, "बंबातले विझवून ठेवलेत दोन-चार. देऊ का?"

"दोन-चार नाही गं बाई, घमेलंभर पाहिजेत."

आक्कांचा मोठा अमेरिकेत आहे, टेक्सासात, डॅलसजवळ. यंदा बऱ्याच वर्षांनी बायकापोरांसकट थंडीत आलाय. तिकडे म्हणे दर शनिवारी परसात जाळीवर काहीतरी भाजायचं, चार घरं जमवायची, असा त्यांचा रिवाज आहे. इथं चुलत-मावस भावंडांना तेच करून घालायचं त्याच्या मनात आलं. वेल्डिंगवाल्याकडून अर्धं पिंप कापून आणलं, त्याला चार पाय लावले. वर टाकायला आक्कांनी कांदाचाळीची उरलेली जाळी काढून दिली, तर त्यानं ती परत केली. जस्ताचा मुलामा असलेली जाळी तापली की त्याचा धूर बाधतो म्हणे. खरंच आहे ते, वेल्डिंगवालाही तेच म्हणाला. मग साध्या लोखंडी सळयांची जाळी बनवून घेतली. सगळं झालं आणि घोडं अडलं कोळशाशी.

"काकू, मला लम्प पाहिजे," तो आईच्या मागून म्हणाला.

आक्का दचकल्या. "आरे, लंपी तर गुरांचा रोग! आत्ता कुठं गेला तो गोठ्यातून."

"लंपी नाही गं आई, लम्प. ढेकूळ. लाकडाचा अख्खा कोळसा, भुकटी करून दाबलेला नाही."

मग फोन निघाला. डॅलसच्या त्याच्या गॅरेजमध्ये एका फळीवर, आपण गव्हाची पोती लावतो तशा, कोळशाच्या कागदी पिशव्या उभ्या. एकेक नऊ-नऊ किलोंची. कोळसा छापील पिशवीत मिळतो हेच मुळी आक्कांना पटेना, आणि ह्या पट्ठ्यानं तर एकेकीची कुळकथा सुरू केली. ही रॉयल ओक, किराण्याच्या दुकानातही मिळते. ही फोगो, पोर्तुगीजमध्ये फोगो म्हणजे आग, येते मात्र एल साल्वादोरहून. आणि ही जेलस डेव्हिल.

"म्हणजे काय रे?"

"जळकुटा सैतान."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "बया! पण कोळशाला जळकुटं म्हणतात ते बाकी बरोबर आहे हां."

जळकुट्याचं लाकूड दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेचं. झाडाचं नाव केब्राचो, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कुऱ्हाडमोड. इतकं टणक की घाव घालणाऱ्याचीच कुऱ्हाड मोडायची. हे ऐकल्यावर इतका वेळ ओट्यावर पेपर वाचणाऱ्या नानांनी चष्मा काढला. नाना, म्हणजे आक्कांचे यजमान, वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेत. घरातल्या कुठल्याही विषयात ते शेवटी येतात, पण लाकडाचा विषय निघाला की पेपर खाली पडतो.

"जड लाकडाचा कोळसा जड, तो जास्त वेळ टिकणार," नाना म्हणाले. "त्यात सैतान कुठून आला?"

फळीच्या टोकाला एक निळी पिशवी होती. त्यात उशीच्या आकाराचे एकसारखे गोळे, किंग्सफर्ड. त्याची गोष्ट मला फार आवडली. हेन्री फोर्डच्या मोटारींना तेव्हा लाकूड बरंच लागायचं. मिशिगनमधल्या कारखान्यात तुकडे आणि भुसा यांचे ढीग पडायला लागले. 1920 च्या दशकात त्यानं त्याचा कोळसा केला, भुकटी स्टार्चमध्ये कालवली, दाबून गोळे पाडले आणि मोटारींच्या शोरूममधून विकायला ठेवले. पुढे त्या गोळ्यांना किंग्सफर्डचं नाव मिळालं. हा किंग्सफर्ड म्हणजे फोर्डच्या नात्यातल्या एका बहिणीचा नवरा. कारखान्यासाठी जंगल मिळवून देणारा तोच.

"म्हणजे गोळेच की आपले!" आक्का म्हणाल्या. "माझी सासू कोळशाचा चुरा आणि शेण कालवून उन्हात वाळवायची. आम्ही काही शोरूममध्ये ठेवले नाहीत."

गोळे एकसारखे, शांत जळतात, पण राख फार. लम्प पटकन पेटतो, चांगला तापतो, राख थोडी. हवा कमी केली की ऐकतो, वाढवली की उसळतो. इतपत फरक मला समजला. बाकी कुठल्या पिशवीत किती मोठी ढेकळं नि कुठलीत तळाला किती चुरा, यावर तो पोरगा जे बोलत होता ते आमचे हे ट्रॅक्टरच्या टायरवर बोलतात त्याच थाटाचं होतं. पुरुषांना कंपन्यांची नावं मिळाली की झालं.

शेवटी त्यानं आपली लाडकी पिशवी दाखवली. मेस्किट. टेक्सासवाले म्हणे त्या धुराच्या वासावर जीव टाकतात. कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो, पण आच जबर. झाडाचाही फोटो होता. बारीक पानं, लांब काटे, पिवळ्या वाकड्या शेंगा.

नानांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग एक शब्द न बोलता पोराला खांद्याला धरून वईच्या त्या टोकाला नेलं. तिथं नाल्याच्या काठाला, सगळ्यांनी शिव्या घालून घालून वाढवलेलं एक झाड आहे.

"हे बघ तुझं मेस्किट."

वेडी बाभूळ! शेळ्या शेंगा खातात, लेंडीतून बी पडतं, आणि जिथं काही उगवत नाही तिथं ही उगवते. गुजरातीतसुद्धा तिला गांडो बावळच म्हणतात, म्हणजे वेडीच. नानांनी सांगितलं, ही मुळात इथली नव्हेच. मेक्सिको, वेस्ट इंडीज त्या बाजूची. 1870 च्या दशकात इंग्रजांनी ओसाड रानं हिरवी करायला आणली, आणि तिनं ते इतकं मनावर घेतलं की कच्छच्या बन्नीतलं गवत खाऊन बसली. टेक्सासचं मेस्किट तिची सख्खी चुलतबहीण, एकाच वंशातली. आपण विलायती बाभूळ म्हणतो, ती विलायत म्हणजे ह्याच्या गॅरेजच्या शेजारचीच निघाली.

पोरगा बराच वेळ झाडाकडे बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, "नाना, आम्ही ती पैसे देऊन घेतो."

दुसऱ्या दिवशी वईवर स्पर्धा लागली. ऑनलाइन मागवलेली एक पिशवी आली होती, चकचकीत, वर ज्वाळा आणि टोपीवाला गोरा. नाव सांगत नाही. दुसरा कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणलेला, गावठी बाभळीचा. तिसरे करवंटीच्या कोळशाचे चौकोनी ठोकळे, सुनेनं मागवलेले. आणि चौथे माझे बंबातले, आक्कांनी कौतुकानं मांडून ठेवलेले.

नानांनी परीक्षा घेतली ती बघण्यासारखी होती. एकेक तुकडा हातभर उंचीवरून फरशीवर सोडायचा. बाभळीचा पडला तो टण्‌ वाजला, काचेचा असावा तसा. गोऱ्याच्या पिशवीतला पडला तो थप्प. मोडून पाहिला तर वर काळा, आत चॉकलेटी. "कच्चा," नाना म्हणाले, "लाकडाची वाफ पुरती गेलेली नाही. पेटवला की डोळ्यांतून पाणी काढील आणि वांग्याला कडवट वास लावील." पिशवीत खाली ओंजळभर चुरा आणि चपटा दगडही निघाला. दगड कोळशाच्या भावानं! करवंटीच्या ठोकळ्यांचं काळं हाताला अजिबात लागत नव्हतं, पण ते पेटता पेटेनात. माझ्या बंबाच्या कोळशांना नानांनी वाजवलंही नाही. पाण्यानं विझवलेला कोळसा ओल धरतो आणि फुटतो, एवढं बोलून बाजूला ठेवले. राग आला, पण खरं होतं.

पोरानं जपानची भर घातली. तिकडे वाकायामाकडे ओकच्याच एका जातीचा बिंचोतान नावाचा कोळसा करतात, दोन तुकडे आपटले की धातूसारखे किणकिणतात. "मग तिथल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्याला विचारून घ्यावा," नाना म्हणाले.

आणि मग त्यांना भट्टी आठवली. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांची कोकणात गेली. लाकडं रचायची, वर पालापाचोळा, त्यावर माती लिंपायची, भोकं ठेवायची आणि आत विस्तव टाकायचा. पहिल्यांदा पांढरा दाट धूर येतो, ते लाकडातलं पाणी. तो निळसर, विरळ झाला की भोकं बुजवायची. घाई करून उघडली तर आतला सगळा माल भडकतो, हाती राख. एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड जातं. रात्र-रात्र जागून ती राखायची कातकरी बायामाणसांनी. दिवाळीनंतर घर सोडायचं, पावसाळ्याला परतायचं, आणि हिशेब बघायला गेलं तर घेतलेली उचल फिटलेलीच नसायची. "त्यांचा कोळसा मुंबईच्या हॉटेलात जायचा," नाना म्हणाले. "पिशवीवर कोणी त्यांचं चित्र काढलं नाही." एवढं बोलून ते पाणी प्यायला आत गेले.

बाहेर आले ते तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घेऊन. 1927 च्या वन कायद्यात कोळसा वनोपजात धरलाय, मग तो जंगलातला असो नाहीतर तुमच्या बांधावरचा. न्यायचा-आणायचा म्हटलं की परवान्याची भानगड. म्हणून म्हणे परसातच करू, परसातच जाळू. आमच्या ह्यांनी कोयता घेतला आणि वेडीच्या वाळक्या फांद्या तोडल्या. एक काटा चप्पल फोडून टाचेत गेला. त्यावर आक्कांनी हळद, मी बोलणी, दोन्ही लावलं.

डब्यात लाकडं ठासून भरली, झाकणाला एक भोक पाडलं, आणि डबा विटांवर ठेवून भोवती काटक्यांचा जाळ केला. अर्ध्या-पाऊण तासानं भोकातून धूर यायला लागला. मग नातवानं काडी लावली तशी त्या भोकावर एक पिवळी जीभ उभी राहिली, गॅसच्या शेगडीसारखी. पोरं टाळ्या पिटायला लागली. आक्का मात्र लांब सरकल्या. "ती जीभ विझली की कोळसा झाला," नाना म्हणाले. विझली. भोकावर ओली माती थापली आणि डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी उघडला तेव्हा फांद्यांचा आकार जसाच्या तसा, गाठीसुद्धा दिसतात, पण सगळं काळंभोर. एक तुकडा मी उचलला. लाकडाच्या मानानं वजन काहीच नाही, आणि फरशीवर टाकला तर टण्‌! दोन दिवसांत तीन डबे काढले. घमेलंभर झाला.

शनिवारी पिंप पेटलं. इस्त्रीवाल्याचा कोळसा खाली, वेडीचा वर. गोऱ्याच्या पिशवीतला चुरा आक्कांनी तुळशीला घातला. कणसं भाजली, पनीर झालं, आमच्या ह्यांनी मालेगावहून आणलेला खिमा सळयांवर चढला. वांग्यांचं मात्र आक्कांनी कोणालाही करू दिलं नाही. भरिताचं वांगं पऱ्हाटीच्या जाळावर, यात तडजोड नाही, म्हणून त्यांनी बाजूला वेगळी चूल मांडली. मी चुलीवरचं नि पिंपावरचं, दोन्ही खाऊन पाहिलं. बोलणार कोण? वईवर उभं राहायचंय अजून.

मेस्किटच्या चुलतबहिणीनं आपला स्वभाव दाखवलाच. तडातड ठिणग्या उडाल्या आणि डॅलसहून आणलेल्या फुगीर जॅकेटला बाहीवर तीन भोकं पडली. आतून पांढरी पिसं निघाली. पोरगा हसत होता, सून हसत नव्हती.

थंडी वाढली तशी आक्का उरलेले निखारे शेगडीत भरून पोरांच्या खोलीत न्यायला निघाल्या, तेव्हा नाना आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर आक्कांवर ओरडले. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर वास येत नाही, धूर दिसत नाही, आणि माणूस झोपेतून उठत नाही. शेगडी अंगणातच राहिली. आक्का दोन तास नानांशी बोलल्या नाहीत.

सकाळी दरवाजावर पुन्हा कोपरं टेकली गेली. मी विचारलं, "नानांशी बोलायला लागलात का?"

"त्यांचं सोड. रात्री त्या निखाऱ्यात बारा कांदे पुरून ठेवले होते मी, उन्हाळचे. आत्ता काढले. असे सुरेख काळे झालेत, साल ओढली की सुटते. खोबरंही भाजलंय. मसाला कुटायचाय, ये लवकर. आणि येताना तो कोयता घेऊन ये, एक फांदी अजून राहिलीय तिकडं."