ग्रुपवर टाकलंय, बघून घ्या

फरीदाबादेत शाळा कधी भरणार, हे हल्ली हवा ठरवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये धुरकं वाढलं आणि दिल्ली परिसरातल्या शाळांना ‘हायब्रिड’ वर्गांचा आदेश आला: वाटलं तर शाळेत या, नाहीतर घरून शिका. अशा वेळी सूचना आधी शाळेच्या अ‍ॅपवर येते, तीच गूगल क्लासरूमवर, तीच व्हॉट्सअ‍ॅपवर. मग पालक ती एकमेकांना फॉरवर्ड करून विचारतात, “उद्या शाळा आहे का हो?”

गृहपाठ ग्रुपवरच असतो. ‘गुड मॉर्निंग’, गुलाबाची फुलं आणि ‘नोटेड मॅम’ यांच्या ढिगाऱ्याखाली तो रात्री साडेदहाला सापडतो. तोही तिरका फोटो. त्यात कुणाचा तरी अंगठा ठळक, गणित अंधूक. सहकार्य मात्र जोरात आहे. एक सोडवतो, अख्खा वर्ग उतरवतो. पूर्वी यासाठी निदान शेजारी बसावं लागे.

हरयाणा सरकारने मे २०२२ मध्ये ‘ई-अधिगम’ योजना आणली. सरकारी शाळांतल्या दहावी ते बारावीच्या मुलांना टॅब्लेट, वर रोज २ जीबी डेटा फुकट. उत्तमच. पण चौथीतल्या पोराचं काय? त्याचा वर्ग बापाच्या फोनवर, आणि बाप बल्लभगडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच: सूचना एकाच जागी टाका आणि ग्रुपवर आम्हा पालकांची तोंडं बंद करा. ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्येच दिली आहे.