त्रिकोणराव

ऑकलंडला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं, "रोटरीची आवड आहे का?" परक्या मुलखात कुणी आपुलकीने बोललं की माणूस वाहवतो. मी म्हणालो, "आहे तर! माझे काका गावच्या रोटरीचे दोनदा अध्यक्ष होते. रक्तदान शिबिरं, मोतीबिंदूची ऑपरेशनं..." त्यांचा चेहरा पहिल्या वाक्याला उजळला आणि मोतीबिंदूपर्यंत येता येता पार मावळला. काही न बोलता त्यांनी गॅरेजचं शटर वर केलं.

आत 1982ची टोयोटा कोरोला उभी होती. चौकोनी, मारी बिस्किटाच्या रंगाची, निवृत्त मुख्याध्यापिकेने दर रविवारी चर्चला न्यावी अशी. खरोखरच ती कुणा आजींकडून घेतलेली होती. बोनट उघडं, आणि इंजिनच्या जागी नुसता खड्डा. आजींच्या हाताखाली इतकी वर्षं कुरकुर न करता चाललेलं 1290 सीसीचं मूळ इंजिन बाहेर गवतावर ताडपत्रीखाली पडलं होतं. चेनपुलीला टांगलेलं होतं ते दुसरंच काहीतरी. घरगुती गॅस सिलिंडरपेक्षा फार मोठं नसावं. त्याकडे बोट दाखवून ते हळूच म्हणाले, "थर्टीन बी." काही लोक इतक्या हळू आवाजात फक्त कुलदैवताचं नाव घेतात.

दक्षिण ऑकलंडमध्ये ही एक स्वतंत्र जमात आहे. माझदाचं रोटरी इंजिन कुठून तरी पैदा करायचं आणि ते एखाद्या सालस जपानी गाडीत बसवायचं, हा त्यांचा कुळाचार. नखांत ग्रीस, पायांत रबरी सपाता, कानांत कायमची बारीक शिट्टी. आमच्या शेजाऱ्यांचं नाव आम्ही घरात 'त्रिकोणराव' ठेवलं. कारण या इंजिनात पिस्टन नसतो, व्हॉल्व्ह नसतो. असतो तो एक फुगीर बाजूंचा त्रिकोण.

ते आम्हाला समजलं समोशामुळे. दिवाळीत बायकोने कुंपणावरून त्यांना समोसे दिले. दुसऱ्या कुणी ते खाल्ले असते. त्रिकोणरावांनी एक समोसा तीन बोटांत आडवा धरला, आमचाच लांबट डबा उचलला आणि समोसा त्यात गरगर फिरवायला लागले. "हा रोटर. हा डबा म्हणजे हाउसिंग, फक्त कमरेशी जरा आवळलेला, शेंगेच्या टरफलासारखा. समोशाचे तीन कोपरे कायम भिंतीला चिकटून. इकडे पेट्रोल आत घेतो, इथे दाबतो, इथे स्फोट, इथे धूर बाहेर. चारही कामं एकाच फेरीत, तिन्ही बाजूंवर. आणि रोटर एकदा फिरतो तोवर मधला दांडा तीनदा!" तेवढ्यात समोशाचा एक कोपरा डब्याला घासून फुटला आणि बटाटा बाहेर आला. त्रिकोणराव गंभीर झाले. "हे बघा. एपेक्स सील गेलं."

कोपऱ्यावरची ही पट्टी म्हणजे या पंथाचं सगळं सुखदुःख. हिची कथा त्यांनी मला किमान अकरा वेळा सांगितली आहे. या इंजिनची कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची, ज्यांनी स्वतः कधी गाडी चालवायचा परवाना काढला नाही. एनएसयू कंपनीने ती चालू करून दाखवली आणि हिरोशिमाच्या माझदाने 1961मध्ये परवाना घेतला. पाहतात तर हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडेच ओरखडे. जपान्यांनी त्यांना नाव दिलं 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'. मग केनिची यामामोतो आणि त्यांचे 47 इंजिनिअर वर्षानुवर्षं त्या पट्टीमागे लागले आणि 1967मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. इथे त्रिकोणरावांचा आवाज कापतो. मग 1991. ल मांची चोवीस तासांची शर्यत, चार रोटरची 787बी, नंबर 55, पहिली! "आणि घाबरून लगेच बंदी घातली त्यांनी!" साडेतीन लिटरच्या साध्या इंजिनांचा नियम शर्यतीच्या आधीच ठरून गेलेला होता, हे मी एकदा वाचलं. त्यांना सांगितलेलं नाही. शेजार टिकवायचा आहे.

इंजिन बदलणं म्हणजे फक्त इंजिन बदलणं, अशी माझी समजूत होती. आधी फाउंडेशन नवं वेल्ड करावं लागलं. इंजिनमागे माझदाचाच गिअरबॉक्स, तो मावेना म्हणून गाडीच्या मधल्या बोगद्यावर दोन शनिवार घण चालला. प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडला. या इंजिनात ऑइलला गारव्याचंही काम असतं, म्हणून पुढे मोठा ऑइल कूलर. मूळ इंजिनची ताकद साठ-सत्तर अश्वशक्ती, याची दीडशेच्या आसपास, म्हणून मागचा डिफरन्शियल बदलला. एवढी पळणार म्हटल्यावर थांबायलाही हवी, म्हणून ब्रेक. मोठे ब्रेक जुन्या चाकात बसेनात, म्हणून चाकं. शेवटी आजींच्या कोरोलातलं म्हणावं असं छत आणि मागच्या काचेवरचं चर्चचं स्टिकर एवढंच उरलं.

हिशेबात मात्र हा माणूस पक्का. प्रत्येक रोटरचे 654 सीसी, दोन मिळून 1308. विम्याचा फॉर्म भरताना ते मला म्हणाले, "फक्त अठरा सीसी वाढवले हो." त्याच संध्याकाळी मित्रमंडळींत तेच इंजिन दोन हजार सहाशेचं झालं. दोन्ही आकड्यांमागे तर्क आहे म्हणतात. जपानचं कर खातं मधला मार्ग काढून दीडपट धरतं. मला तर आमच्याकडच्या फ्लॅटच्या कार्पेट एरिया आणि सुपर बिल्टअपची आठवण झाली.

फिटनेसच्या वॉरंटशिवाय इथे गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि असा बदल केला तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. तपासनीस आले, वाकून वाकून पाहिलं, आवाज मोजला, दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा गाडीत छोटी धातूची पट्टी ठोकली गेली. त्या दिवशी त्रिकोणरावांनी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पण खरा त्रास पुढे होता. तो ते आनंदाने सोसतात. हे इंजिन म्हणजे सोवळ्याचं व्रत आहे. ते ऑइल पितं, आणि हा बिघाड नव्हे, त्याची रचनाच तशी; सीलना ओलावा हवा म्हणून ऑइल मुद्दाम आत सोडतात. त्रिकोणरावांचा त्यावरही विश्वास नाही. ते पेट्रोल भरताना टाकीत मोजून टू-टी ऑइल ओततात. लिटरला सहा-सात किलोमीटर मिळाले की ॲव्हरेज चांगलं पडलं म्हणतात. इंजिनची तोंडं घासून मोठी केल्यामुळे गाडी उभी असताना एका सुरात चालत नाही. ब्रप, ब्रप-ब्रप, ब्रप. उचकी लागलेला माणूस भांडायला उठावा तशी. गाडी जागेवर धड उभी राहू नये म्हणून पदरचे पैसे खर्च करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बाबांना आणायला पहाटे साडेपाचला विमानतळावर निघालो, तर आमच्या सामायिक वाटेत कोरोला आडवी. बेल वाजवली. त्रिकोणराव डोळे चोळत आले. दोन मीटर मागे घ्यायची होती. "दहा मिनिटं लागतील," ते म्हणाले. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं तर आत पेट्रोल तुंबतं, प्लग भिजतात आणि मग ते उठता उठत नाही. आधी पुरतं तापवायचं, मगच बंद करायचं. "ढकलू या का?" मी विचारलं. देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ब्रप, ब्रप-ब्रप सुरू झालं. समोरच्या तीन घरांत दिवे लागले. एका खिडकीतून कुणीतरी जे बोललं ते इंग्रजी होतं एवढंच सांगतो.

बाबा पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. आल्याच्या संध्याकाळी अंगणात उभे राहून त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाले, "चेतक कुणाकडे आहे रे इथे?" टू-टीचा तो निळसर धूर बत्तीस वर्षं मागे घेऊन गेला त्यांना. दुसऱ्या दिवसापासून ते कुंपणापलीकडेच असायचे. बाबांचं इंग्रजी टूलरूमपुरतं, पण संभाषणही टूलरूमबाहेर कधी गेलं नाही. 'बाबा' हे त्यांचं नावच आहे अशी त्रिकोणरावांची समजूत झाली आणि आम्ही ती मोडली नाही.

जानेवारीत ते दोघे मेरेमेरेच्या ड्रॅग स्ट्रिपवर जाऊन आले. परतल्यावर गाडी चढाला दमायला लागली. त्रिकोणराव आठवडाभर म्हणत होते, सायलेन्सर असेल, प्लग असतील. बाबांनी एका बाजूचा खालचा प्लग काढायला लावला, पेट्रोल बंद करून नुसता स्टार्टर मारायला सांगितला आणि प्लगच्या भोकाशी कान नेला. निरोगी रोटरचे तीन श्वास सारखे येतात: फस्, फस्, फस्. आम्हाला ऐकू आलं ते फस्, फुस्, फुस्. पुन्हा मारला. फस्, फुस्, फुस्.

"दोन बाजू गेल्या," मी म्हणालो.

"दोन नाही, एकच पट्टी गेली," बाबा म्हणाले. "मधली भिंत पडली की दोन्ही खोल्या उघड्या पडतात."

मी भाषांतर केलं. मला वाटलं, माणूस खाली बसेल. इतके शनिवार, इतके डॉलर, ते सर्टिफिकेट. त्रिकोणराव क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते फक्त लग्न ठरलेल्या घरात पाहायला मिळतं. "म्हणजे इंजिन उघडावं लागणार!" असं म्हणून ते चेनपुली शोधायला आत गेले. बाबांनी बाह्या आधीच वर केल्या होत्या.

तेव्हापासून कोरोला पुन्हा लाकडी ठोकळ्यांवर आहे. बाबा परत गेले. अधूनमधून त्यांना व्हॉट्सॲपवर रोटरचे फोटो येतात आणि ते उलट मापं विचारतात. कामावर जायला त्रिकोणराव बायकोची छोटी हायब्रीड नेतात, तीही चोरट्यासारखी, गल्लीत ओळखीचं कुणी नाही ना बघून.

ताडपत्रीखालचं आजींचं ते इंजिन मागच्या गल्लीतल्या एका विद्यार्थ्याने बिअरच्या दोन खोक्यांच्या बदल्यात उचलून नेलं आणि स्वतःच्या तसल्याच कोरोलात बसवलं. रोज सकाळी सातला तो आमच्यासमोरून कामाला जातो, हू की चू न करता. परवा कुंपणाशी उभे असताना ती गाडी गेली. त्रिकोणरावांनी हात केला आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

"बिचारा," ते म्हणाले. "कधी काही होतच नाही त्याच्या गाडीला."