नेमकेकाका

आडनाव दुसरंच आहे, पण डोंबिवली ईस्टच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे नेमकेकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं काका. ‘तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय?’ हा प्रश्न ते दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत कुणालाही विचारू शकतात. असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. नसेल, तर त्या सोसायटीचं रजिस्ट्रेशन अजून व्हायचं आहे असं समजावं. काकांची उभी हयात फोर्टातल्या कचेरीत दुसऱ्यांचे ड्राफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर टेबलावर ड्राफ्ट येईनात, तेव्हा त्यांनी माणसं दुरुस्तीला घेतली.

त्यांचा खास प्रांत कपड्यांचा. म्हणजे घालायच्या नव्हे. घरी ते पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर असतात. प्रांत कपड्यांच्या इंग्रजी नावांचा. जिन्यात एखादा पोरगा ‘नवी पँट घेतली’ म्हणाला, की काका त्याला थांबवतात. ‘लंडनला हे चारचौघांत सांगू नकोस हो. तिथे पँट म्हणजे आतली चड्डी. ट्राउझर्स म्हण.’ पोरगा मान डोलावतो. त्याला लंडनला जायचं नसतं, ठाण्याला जायचं असतं, आणि तेवढ्यात लोकल सुटलेली असते.

पण काकांचा खरा जीव ‘व्हेस्ट’ या शब्दावर. शर्टाच्या आत घालायच्या त्या वस्त्राला काकू गंजिफ्रॉक म्हणतात, मुलगा बनियन म्हणतो. काकांच्या मते पहिला शब्द अडाणी, दुसरा बाजारू. ‘अहो, तुमचे गंजिफ्रॉक वाळलेत, येताना वर घेऊन या,’ असं काकूंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, की भर चौकात वस्त्रहरण व्हावं तसा काकांचा चेहरा होतो. मग तेही खालून, दोन्ही विंगना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर देतात, ‘व्हेस्ट! व्हेस्ट म्हणावं!’

यातला ‘व्ह’ मात्र आमच्या जिभेवर टिकत नाही. त्यामुळे अंगातलं ते वेस्ट, पश्चिम ती वेस्ट, कमरेचं माप ते वेस्ट आणि वाया गेलं तेही वेस्ट. यावर काका वर्ग घेतात. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवायचे आणि हवा सोडायची, की झालं वस्त्र. ओठांचा चंबू केला, की झाली दिशा. प्रात्यक्षिकात कवळी जराशी पुढे येते. ती अंगठ्यानं मागे सारून काका कमरेच्या वेस्टकडे वळतात. काकूंनी या प्रकरणाचा निकाल केव्हाच लावलाय. व्हेस्टला तिसरं भोक पडलं, की त्या त्याचं लादी पुसायचं फडकं करतात, आणि व्हेस्टचं वेस्ट होतं.

एकदा काका स्वतः फडके रोडवर खरेदीला गेले. होजियरीच्या दुकानात म्हणाले, ‘व्हेस्ट दाखवा.’

‘वेस्टला आपली शाखा नाही, काका. हे एकच दुकान, ईस्टला.’

काकांनी दात ओठावर टेकवले. ‘व्ह-हेस्ट!’

‘वेस्ट होय? चौतीस असेल तुमची. पण पट्टे ठेवत नाही आपण.’

‘अहो, शर्टाच्या आत घालतात ते!’

‘असं मराठीत सांगा ना, बनियन! बाह्यांची की बिनबाह्यांची? नव्वद की पंच्याण्णव?’

काकांनी ठणकावून नव्वद सांगितलं. घरी ती बगलेतच अडकली. नेमका शब्द आणि नेमकं माप या दोन गोष्टी एका माणसाकडे क्वचितच असतात. काकू बदलायला गेल्या, ‘गंजिफ्रॉक, पंच्याण्णव’ म्हणाल्या आणि परतताना वाटेत कोथिंबीरही घेऊन आल्या.

मग ऐन थंडीत लेकीकडे न्यू जर्सीला जाणं झालं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सगळं बॅगेत गेलं. व्हेस्ट तेवढे डोंबिवलीच्या दोरीवर राहिले. काकांनी जावयाला सांगितलं, ‘अर्धा डझन व्हेस्ट आणा. साधे, पांढरे.’ जावई आज्ञाधारक. संध्याकाळी तो दोन खोकी घेऊन आला. एकात सुटाखाली घालतात तसलं पुढून बटणांचं जाकीट, दुसऱ्यात पिसं भरलेलं फुगीर, बिनबाह्यांचं. ‘पांढरं कुठे मिळालं नाही, बाबा. आणि सहा कशाला ते कळेना, म्हणून सध्या दोनच आणलीत.’ अमेरिकेत व्हेस्ट शर्टावर चढवतात; आतला तो अंडरशर्ट.

काकांनी तडक गावातली लायब्ररी गाठली. तिथे त्यांना पुरावा मिळाला, पण तो विरुद्ध बाजूचा निघाला. ऑक्टोबर 1666 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं दरबाराला व्हेस्टचा पोशाख लावला. सॅम्युएल पीप्सनं तसं रोजनिशीत टिपून ठेवलंय, आणि जॉन एव्हलिननं तो इराणी धर्तीचा म्हटलाय. हा व्हेस्ट शर्टावर, कोटाच्या आत आणि चांगला लांब. ही फॅशन आपण कधीही बदलणार नाही, असं राजानं जाहीर केलं होतं. हा निग्रह काकांना फार आवडला. पुढे फॅशन बदलली, व्हेस्ट आखूड होत गेला आणि इंग्लंडात ते नाव शर्टाच्या आत शिरलं, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

खरा घाव घातला नातीनं. शाळेत शिकलेलं ती जेवताना सांगत होती. न्यू जर्सी हे नाव 1664 साली पडलं, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून. त्याच्या शेजारी गर्न्सी नावाचं बेट. तिथले कोळी विणलेला लोकरी सदरा घालायचे. त्याला म्हणायचे गर्न्सी फ्रॉक.

काकूंचं लाटणं थांबलं. ‘काय म्हणालीस? गंजिफ्रॉक?’

‘हो आजी, तोच तुमच्याकडे आला.’

त्या रात्री काका मुकाट्यानं दोन पोळ्या जास्त जेवले. काकू वाढत होत्या, तेव्हा नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

डोंबिवलीला परतल्यावर सोसायटीला वाटलं, आता सुटलो. पहिल्याच दिवशी गॅलरीतून हाक आली, ‘अहो, तुमचे गंजि...’

‘गर्न्सी!’ खालून काका गरजले. ‘गर्न्सी म्हणावं!’

आता त्यांनी बनियन हातात घेतली आहे. आपल्या वाण्यांचं नाव इंग्रजीत बनियन कसं झालं, त्यांच्यावरूनच वडाचं झाड बनियन कसं ठरलं, आणि अठराव्या शतकातले गोरे साहेब घरात घालायच्या सैल झग्याला बनियन म्हणत त्यातच चित्रं कशी काढून घेत, यावर ते रविवारी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सविस्तर बोलणार आहेत. वेळ संध्याकाळी साडेपाच. ज्यांना त्या वेळी काही तातडीची कामं निघायची असतील, त्यांनी ती आजच काढून ठेवावीत.