चाळिशी

पंचवीस वर्षं नाणेघाटात धुकं आलं की मी थांबून चष्मा पुसायचो. शेवटी लेझर करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पोहायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, धूळ टाळा. जुन्नरात उन्हाळ्यात धूळ टाळायची म्हणजे श्वासच टाळायचा! असो. मग जीवधन किल्ला चढलो. लख्ख दिसलं: टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कातळावरची बदामं. नाणेघाटातला राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आधीही वाचता येत नव्हता, आताही नाही. बदामातली नावं मात्र लांबूनच वाचतो. उसातला बिबट्या अजून दिसलेला नाही, मी त्याला दिसत असेन. परवा भीमाशंकरच्या एसटीचं तिकीट वाचायला हात लांब करावा लागला. लेझरनं चाळिशी टळत नाही.