एक तोंड, दोन होकार

ही मार्गदर्शिका चंदगड तालुक्यातल्या अशा उमेदवारांसाठी आहे, ज्यांनी एका नोकरीला होकार कळवला, पेढे वाटले आणि आठवड्याभरात त्याहून बरी नोकरी चालून आली. ज्यांना अजून पहिलीच मिळालेली नाही, त्यांनी ही वाचून रक्त आटवू नये.

सुरुवात नकाशापासून करावी. आपलं जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरांहून लांब आणि परराज्यातलं बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ; त्यामुळे चंदगडकराला ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे, हे ठरवताच येत नाही. समजा, पहिली ऑफर शिनोळी एमआयडीसीतली आहे आणि दुसरी गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीतली. शिनोळीला घरचा डबा नेता येतो. वेर्ण्यासाठी तिलारी घाट उतरून खोली घ्यावी लागते. तेव्हा पगारातल्या फरकातून आधी खोलीभाडं वजा करा, मग खानावळ, मग दर सणाला गावी येण्याचं भाडं. उरलेल्या रकमेला ‘करिअर’ म्हणतात.

त्यानंतर ‘सीटीसी’ उघडावी. त्यात कंपनीने भरायचा पीएफचा हिस्सा तुमचाच पगार म्हणून मोजलेला सापडेल. ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या ४.८१ टक्केही तिथेच असतील. ते पाच वर्षं टिकलात तर मिळतील. आठवड्यात मन बदलणाऱ्याने या आकड्याकडे फार वेळ बघू नये.

आता कायदा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे होकार मागे घेता येतो, पण तो समोरच्याला पोचेपर्यंतच. कायद्यातल्या उदाहरणात माणूस होकार टपालाने पाठवतो आणि तो मागे घेतो तारेने. टपाल रेंगाळणार आणि तार पुढे पळणार, ही सोय सरकारनेच करून ठेवली होती. तुम्ही मात्र ई-मेलवर ‘आय ॲक्सेप्ट’ दाबलंत, ते क्षणात पोचलं, आणि तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. तरी घाबरू नये. नको असलेल्या नोकरीवर कोर्ट कुणाला बखोट धरून बसवत नाही. फार तर वाजवी भरपाईचा प्रश्न येतो. बॉण्डवर सही केली असेल तर मात्र कागद पुन्हा वाचावा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायचे, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. त्या खटल्यातला अधिकारीही दुसऱ्या बँकेतच निघाला होता.

दोन लाख जास्त वाटत असतील त्यांनी एकदा पारगडावर जाऊन यावं. सूर्यचंद्र असेपर्यंत गड जागता ठेवा, अशी आज्ञा महाराजांनी तिथल्या शिलेदारांना केली, असं सांगतात. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा हे त्यांतले. त्या शिलेदारांचे वंशज आजही गडावर राहतात. नोटीस पीरियड विचारण्याचं कुणाला सुचलं नाही. तालुक्याला शब्द पाळण्याचा हा असा पूर्वेतिहास असल्यामुळे तुमची अडचण कायद्याच्या बाहेरच जास्त आहे.

म्हणून पहिला होकार नेमका कुणाकुणाला दिला, याची यादी करा. कंपनी त्यात सगळ्यात खाली येईल. वर असतील तिथल्या साहेबांना फोन करणारे मुंबईचे मामा, मुलाखतीला गाडीवरून सोडणारा शेजारी, बचतगटात बातमी फोडलेली आई आणि नारळ घेतलेला रावळनाथ. कंपनीचा एचआर दोन दिवसांत यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतो. मामांच्या यादीत पुढचं नाव नसतं. (रावळनाथाचं एक बरं आहे, दुसऱ्या नारळाला तो हरकत घेत नाही.)

कृती अशी. दुसऱ्या कंपनीचं पत्र हातात येईपर्यंत पहिलीला हूं की चूं करू नये. ‘तुमचं फायनल आहे’ हा फोन म्हणजे पत्र नव्हे. पत्र आलं, तारीख-पगार पाहिला, की त्याच दिवशी पहिलीला कळवावं. उशीर केलात तर तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी अडवलेली असते. मेल दोन ओळींचा लिहावा आणि त्यात आजीला आजारी पाडू नये. त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आपल्याच गावचा कोणीतरी असतो, आणि त्याने आजीला सकाळीच रताळ्यांची पोती मोजताना पाहिलेलं असतं. मेल पाहून पहिल्याच कंपनीने पगार वाढवला, तर एवढाच विचार करावा की ही रक्कम आठवड्यापूर्वी त्यांच्याकडे कुठे होती.

शेवटी मामांना फोन. हा आईकडून करवून घेऊ नये, आणि मिस्ड कॉल तर मुळीच देऊ नये. रात्री जेवणं झाल्यावर लावावा. ‘मामा, रागवू नका’ अशी सुरुवात केली की ते रागावतात, म्हणून सरळ सांगावं. पलीकडे शांतता पसरेल. ती मोडायला जाऊ नये. थोड्या वेळाने मामा खाकरतील आणि विचारतील, ‘म्हणजे शिनोळीची ती जागा आता मोकळी झाली म्हण की. आपल्या धाकट्याचा बायोडाटा कुणाकडे द्यायचा?’